अमेरिकेत पीई लायसन्स काढताना: पदवीच्या कागदांपासून पहिल्या शिक्क्यापर्यंत

अमेरिकेत नव्याने नोकरीला लागलेला मराठी सिव्हिल इंजिनियर भेटला की मी त्याला दोन प्रश्न विचारतो. तुझ्या ड्रॉइंगवर शिक्का कोणाचा लागतो? आणि तो माणूस चार वर्षांनी तुझ्या अनुभवाच्या कागदावर सही करेल का? पहिल्याचं उत्तर बहुतेकांना माहीत असतं. दुसरा प्रश्न कोणी मनातही आणलेला नसतो. पीई, म्हणजे प्रोफेशनल इंजिनियर, हे ड्रॉइंगवर स्वतःचा शिक्का मारायचा हक्क देणारं लायसन्स काढायचं म्हटलं की आपल्याकडची मुलं परीक्षेला घाबरतात. परीक्षा अभ्यास केला की निघते. माणसं अडकतात ती कागदांत: विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये (विषय नि गुणांच्या अधिकृत उताऱ्यात), नावाच्या स्पेलिंगमध्ये आणि निवृत्त होऊन गेलेल्या साहेबाच्या सहीत. म्हणून इथे कागदांबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे.

हे लायसन्स आहे कशासाठी

आपल्याकडे महापालिका स्ट्रक्चरल इंजिनियरला लायसन्स देते, पण इंजिनियरिंगच्या अख्ख्या व्यवसायाला लागू होणारा लायसन्सचा कायदा भारतात नाही. त्यामुळे पदवी हातात असताना आणखी काय हवं, असं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेत असा पहिला कायदा वायोमिंग राज्याने १९०७ साली केला. पाण्याच्या हक्कासाठी लोक नकाशे जोडून अर्ज करत आणि त्या नकाशांवर इंजिनियर म्हणून वकिलांच्या नि नोटरींच्या सह्या असत. ते थांबवायला राज्याचे मुख्य इंजिनियर क्लॅरेन्स जॉन्स्टन यांनी पुढाकार घेतला. टेक्सासमध्ये १८ मार्च १९३७ रोजी न्यू लंडन इथल्या शाळेत गळलेल्या गॅसचा स्फोट होऊन सुमारे ३०० जण गेले, त्यातली बहुतेक शाळकरी मुलं. त्याच वर्षी टेक्सासचा कायदा आला.

मला मात्र शिक्क्याचा अर्थ कळला तो कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलच्या घटनेतून. १७ जुलै १९८१ रोजी तिथले टांगलेले दोन पादचारी मार्ग कोसळून ११४ माणसं दगावली. मूळ कल्पनेत छतापासून निघालेली एकच लांब सळई चौथ्या मजल्याच्या मार्गाच्या बीममधून आरपार जाऊन खाली दुसऱ्या मजल्याच्या मार्गालाही धरत होती. प्रत्यक्षात तिच्या जागी दोन सळया आल्या. एक छतापासून चौथ्या मजल्याच्या बीमपर्यंत, दुसरी त्याच बीमला टांगून खाली. ड्रॉइंगवर हा बदल किरकोळ दिसतो. पण आधी त्या बीमखालच्या नटवर एकाच मार्गाचा भार होता, आता दोन्ही मार्गांचा भार तिथे आला. शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे सुटे भाग बनवणाऱ्याने काढलेल्या तपशीलवार ड्रॉइंगवर, इंजिनियरच्या ऑफिसचा तपासल्याचा शिक्का होता. पुढे मिसुरी राज्यात संबंधित इंजिनियरांची लायसन्सं गेली. पीई मागणाऱ्या प्रत्येकाने हे कनेक्शन एकदा हाताने काढून बघावं, दहा मिनिटांचं काम आहे.

तुम्हाला ते खरंच लागतं का

जनतेला इंजिनियरिंगची सेवा देणाऱ्याला, ड्रॉइंगवर सही-शिक्का करणाऱ्याला आणि स्वतःची कन्सल्टिंग फर्म काढणाऱ्याला लायसन्स लागतंच. सिव्हिल, स्ट्रक्चरल, जिओटेक (माती आणि पाया), इमारतींचं एचव्हीएसी (हवा खेळती, गरम-थंड ठेवण्याची यंत्रणा) नि इलेक्ट्रिकल, पाणी आणि सांडपाणी या क्षेत्रांत त्याशिवाय बढती एका पायरीवर थांबते. कारखान्यात यंत्रं किंवा सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या नोकरदार इंजिनियरला बहुतेक राज्यांत सूट असते. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी पीईची वेगळी परीक्षा होती, ती २०१९ नंतर बंद झाली. पण सूट असो वा नसो, लायसन्स नसताना व्हिजिटिंग कार्डवर पीई लिहायचं नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.

नागरिकत्वाची अट सहसा नसते. सोशल सिक्युरिटी नंबर मात्र लायसन्स देणारी बरीच राज्य-बोर्डं मागतात. तो नसेल तर काय चालेल, हे अर्जाआधी बोर्डाला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.

आधी राज्य ठरवा

लायसन्स अमेरिकेचं नसतं, राज्याचं असतं. पन्नास राज्यांची पन्नास बोर्डं, शिवाय वॉशिंग्टन डीसी, पोर्तो रिको, ग्वाम वगैरे वेगळी. परीक्षा मात्र सगळ्यांसाठी एकच संस्था घेते, एनसीईईएस. ती १९२० साली स्थापन झाली. हा फरक डोक्यात पक्का बसवा, कारण परीक्षा पास होणं आणि लायसन्स मिळणं यांत लोक कायम गल्लत करतात. एनसीईईएस तुम्हाला पास करते, लायसन्स बोर्डच देतं.

साधारण चौकट अशी: मान्यताप्राप्त पदवी, एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनियरिंग) परीक्षा, चार वर्षांचा वाढत्या जबाबदारीचा अनुभव, पीई परीक्षा, मग राज्याची स्वतःची एखादी परीक्षा. पण तपशील राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात एबेट-मान्य पदवी (एबेट ही अभ्यासक्रमांना मान्यता देणारी अमेरिकन संस्था) असेल तर सिव्हिलसाठी दोन वर्षांचा अनुभव पुरतो, पण भूकंपशास्त्र आणि सर्वेक्षण अशा राज्याच्या दोन जादा परीक्षा द्याव्या लागतात. इलिनॉयमध्ये स्ट्रक्चरलचं लायसन्सच वेगळं आहे. अलास्काला थंड प्रदेशातल्या इंजिनियरिंगचा कोर्स हवा असतो. एच-वन-बीवर असणाऱ्यांना उद्या कुठल्या राज्यात जावं लागेल याचा भरवसा नसतो, त्यांनी जिथे आज काम करतो तिथलं पहिलं लायसन्स काढावं. अनुभवाच्या सह्या करणारी माणसं तिथेच असतात.

पदवीचे कागद

अमेरिकन बोर्डांना पदवी एबेटने मान्य केलेली लागते आणि ही मान्यता मुख्यतः बॅचलरच्या अभ्यासक्रमांना असते. इथेच आपली माणसं फसतात. भारतातून बीई आणि अमेरिकेतून एमएस केलेल्याला वाटतं की आता पदवीचा प्रश्न मिटला. पण अमेरिकेतले बहुतेक एमएस अभ्यासक्रम एबेट-मान्य नसतातच. त्या विभागाची बॅचलर पदवी एबेट-मान्य असेल तर काही बोर्डं एमएस धरतात, पुष्कळ बोर्डं तुमच्या बीईकडेच बोट दाखवतात. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन करारात, म्हणजे इंजिनियरिंगच्या पदव्यांची मान्यता देशोदेशी परस्पर धरण्याच्या करारात, आहे आणि एनबीए या भारतीय मान्यता मंडळाने त्या कराराच्या स्तरावर दिलेल्या मान्यतेचा काही ठिकाणी उपयोग होतो. मात्र ती मान्यता तुमच्या कॉलेजच्या त्याच शाखेला, तुम्ही पास झालात त्या काळात होती का, हे बघावं लागतं.

बाकीच्यांचा रस्ता म्हणजे एनसीईईएसकडून पदवीचं मूल्यमापन. त्यांचं मोजमाप क्रेडिट-तासांत असतं: गणित आणि मूलभूत विज्ञानाचे ३२ तास, इंजिनियरिंगचे ४८ तास, शिवाय भाषा-समाजशास्त्रासारखे सामान्य विषय. गणितात डिफरन्शियल इक्वेशन्स दिसले पाहिजेत. आपल्या बीईमध्ये इंजिनियरिंगचे विषय रगड असतात, कमी पडतात ते बहुधा सामान्य विषय. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची अडचण वेगळी: पहिल्या वर्षाचं गणित, भौतिक आणि रसायन त्यांच्या पदवीच्या ट्रान्स्क्रिप्टवर नसतंच. त्यांनी डिप्लोमाचं ट्रान्स्क्रिप्टही न विसरता पाठवावं. तरी तूट निघाली तर घाबरू नका. कम्युनिटी कॉलेजात ते विषय घेऊन ती भरून काढता येते, फक्त कोणता कोर्स चालेल हे बोर्डाकडून आधी लेखी घ्या.

ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून परस्पर जावं लागतं. तुमच्याकडच्या मार्कशीटच्या झेरॉक्स कितीही स्वच्छ असल्या तरी उपयोगाच्या नाहीत. त्यासाठी भारतात कोणीतरी परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभं राहणारं लागतं, आणि तिथे किती खेपा होतील ते सांगता येत नाही. सुट्टीवर गेलात की हे काम पहिल्या आठवड्यात धरा. जोडीला तुमच्या वर्षाच्या सिलॅबसची शिक्का मारलेली प्रत काढून ठेवा. पुढे विषयाचा तपशील मागितला तर हीच कामी येते, आणि जुना सिलॅबस वर्षागणिक दुर्मिळ होत जातो.

आता नाव. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. कधी त्यापुढे आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, अमेरिकन ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांचं नाव मिडल नेममध्ये किंवा गायब. लग्नानंतर आडनाव बदललेल्या, किंवा नावच बदललेल्या बायकांची पंचाईत तर विचारू नका. एनसीईईएसचं खातं उघडताना आजच्या सरकारी फोटो ओळखपत्रावर जे नाव आहे तेच अक्षरशः लिहा, कारण परीक्षा केंद्रावर तेच ताडून बघतात. जुळत नसेल तर आत सोडत नाहीत आणि फी बुडते. जुन्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

एफई

ही पहिली परीक्षा. पदवीच्या शेवटच्या वर्षापासून देता येते आणि जितकी लवकर द्याल तितकी सोपी जाते. २०१४ पासून ती संगणकावर होते, पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रांवर, वर्षभर. शाखा सात आहेत. प्रश्न ११०, केंद्रावरचा एकूण वेळ ६ तास, त्यातले प्रत्यक्ष सोडवायचे ५ तास २० मिनिटं. मध्ये सुट्टी होते आणि सुट्टीला उठलात की पहिला भाग बंद, मागे जाता येत नाही. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

सोबत काही नेता येत नाही. सूत्रांचं हँडबुक पडद्यावरच असतं आणि तेच एनसीईईएसच्या खात्यातून फुकट डाउनलोड होतं. अभ्यासाला पहिल्या दिवसापासून तेच उघडून बसा. कुठलं सूत्र कुठल्या प्रकरणात, कोणत्या शब्दाने शोधलं की सापडतं, हे बोटांना कळायला हवं. कॅल्क्युलेटरच्या मंजूर यादीत कॅसिओचं एफएक्स-९९१ आहे. आपल्यातले बहुतेक त्याच्यावरच वाढले, तेव्हा नवीन मॉडेल घेऊन हात बिघडवू नका.

आपली खरी अडचण एककांची. प्रश्न एसआयमध्येही असतात आणि फूट-पाउंडमध्येही. पाण्याचं वजन घनमीटरला ९.८१ किलोन्यूटन हे झोपेत सांगता येतं, पण घनफुटाला ६२.४ पाउंड हे आठवावं लागतं, आणि घाईत असताना आठवणं महाग पडतं. पाउंड वस्तुमान की पाउंड बल, ३२.२ ने भागायचं की नाही, इथे पाठ असलेले विषयही हातातून जातात. मी दोन आठवडे फक्त जुनी एसआयमधली गणितं फूट-पाउंडमध्ये पुन्हा सोडवली. इतका फायदा दुसऱ्या कशाचा झाला नाही.

इथिक्स आणि इंजिनियरिंग इकॉनॉमिक्स हे विषय आपण सोपे म्हणून सोडतो. सिव्हिलमध्ये दोन्ही मिळून दहाएक प्रश्न असतात. एका शनिवार-रविवारचं काम आहे, करून टाका.

निकाल सहसा ७ ते १० दिवसांत येतो. पास झालात तर गुण सांगत नाहीत. नापास झालात तर विषयवार तक्ता मिळतो, तो फेकू नका. पुन्हा बसायचं तर तीन महिन्यांच्या एका टप्प्यात एकदा आणि १२ महिन्यांत जास्तीत जास्त तीनदा. पास झाल्यावर ईआयटीचं (इंजिनियर इन ट्रेनिंग, म्हणजे शिकाऊ इंजिनियरचं) प्रमाणपत्र हवं असेल तर बोर्डाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आपोआप येत नाही.

अनुभव, म्हणजे खरी परीक्षा

चार वर्षं नोकरी केली म्हणजे चार वर्षांचा अनुभव झाला असं बोर्ड मानत नाही. त्यांना लागतो लायसन्सधारी पीईच्या हाताखालचा, जबाबदारी वाढत गेलेला, इंजिनियरिंगचा निर्णय घेतलेला अनुभव. अमेरिकेतल्या एमएसबद्दल पुष्कळ राज्यं एक वर्ष सूट देतात, मात्र त्याच काळातली अर्धवेळ नोकरी वेगळी मोजत नाहीत. भारतातला अनुभव काही बोर्डं धरतात, पण तो पडताळणारा साहेब आणि कामाचा तपशील दोन्ही दाखवावे लागतात. साधारण पाच रेफरन्स लागतात, त्यातले किमान तीन पीई.

माझ्या बाबतीत झालं ते सांगतो. पहिल्या नोकरीत १४ महिने ज्यांच्या हाताखाली काम केलं ते पीई फार चांगले होते. मी नोकरी बदलली, त्यांना निरोपाचं जेवण दिलं, सही मागायचं सुचलंच नाही. अर्जाच्या वेळी ते निवृत्त होऊन दुसऱ्या राज्यात गेलेले, कंपनीचा ईमेल बंद. जुन्या सहकाऱ्यांना फोन करकरून त्यांचा पत्ता लागायला तीन महिने गेले. आणि मग त्यांना माझी कामं आठवेनात, कारण मीही कुठे लिहून ठेवली नव्हती. शेवटी जुन्या ट्रान्समिटलच्या (ड्रॉइंगसोबत पाठवलेल्या पत्रांच्या) तारखा जुळवून दोघांनी बसून यादी केली.

तेव्हा एनसीईईएस रेकॉर्ड पहिल्या नोकरीतच उघडा. त्यात पदवी, परीक्षा, अनुभव आणि रेफरन्स एकाच जागी जमा होतात आणि पुढे कुठल्याही राज्याला पाठवता येतात. नोकरी सोडायच्या महिनाभर आधी त्या नोकरीची नोंद भरून साहेबाकडून पडताळून घ्या. साहेब बदलला, कंपनी विकली गेली, तरी तेच करा.

नोंद लिहायची कशी? "पुलाच्या प्रकल्पात टीमसोबत डिझाइनचं काम केलं" हे वाक्य बोर्डापुढे कुचकामी आहे. त्यातून तुम्ही काय ठरवलं ते कळत नाही. तेच काम असं लिहा: मी पुलाच्या टोकाच्या रिटेनिंग वॉलसाठी मातीचा दाब काढला, भिंत सरकणं आणि उलटणं तपासलं, पायाची रुंदी ठरवली, सळ्यांची मांडणी केली. जिओटेक अहवालातला घर्षणकोन बोअरिंगच्या नोंदींशी जुळत नव्हता, म्हणून त्यांच्याकडून दुरुस्ती मागवली आणि पाया रुंद केला. माझं काम अमुक पीईंनी तपासलं. प्रथमपुरुषी एकवचन, म्हणजे "मी", वापरायला आपल्याला संकोच वाटतो, "आम्ही" लिहायची सवय असते. इथे "आम्ही" लिहिलंत की तपासणारा विचारतो, यातलं तुम्ही काय केलं? दर शुक्रवारी दहा मिनिटं काढून त्या आठवड्याचा एक निर्णय वहीत टिपा. क्लायंटची गोपनीय माहिती घरी नेऊ नका, फक्त काम, तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव.

आणखी एक. दुसऱ्या वर्षीही पहिल्या वर्षीसारखंच काम चालू असेल, नुसतं ड्राफ्टिंग किंवा क्वांटिटी, तर साहेबाशी बोला. "मला लायसन्ससाठी डिझाइनचा अनुभव लागेल" असं स्पष्ट म्हटल्यावर वाईट वाटून घेणारा पीई मला अजून भेटलेला नाही. तेही याच वाटेने आलेले असतात.

पीई

बऱ्याच राज्यांत आता चार वर्षं पुरी व्हायच्या आधीच ही परीक्षा देता येते. देता येत असेल तर द्या, घरात लहान मूल यायच्या आधी अभ्यास सोपा असतो. सिव्हिलमध्ये पाच उपशाखा: कन्स्ट्रक्शन, जिओटेक, स्ट्रक्चरल, ट्रान्सपोर्टेशन, पाणी आणि पर्यावरण. रोज जे काम करता तेच निवडा. कोणता पेपर सोपा याच्या गप्पांवर निवडू नका. सिव्हिलची परीक्षा २०२२ पासून संगणकावर आहे: ८० प्रश्न, ८ तास, सुट्टीसकट केंद्रावर ९ तास. कोडची, म्हणजे डिझाइनच्या नियमांची, पुस्तकं पडद्यावर मिळतात, पण एका वेळी एकच प्रकरण उघडतं. म्हणजे कोणता मुद्दा कोणत्या प्रकरणात हे माहीत नसेल तर शोधायची सोय असून नसल्यासारखी. तयारीत छापील कोड बाजूला ठेवून पीडीएफवर काम करण्याची सवय लावा आणि निदान दोन वेळा पूर्ण ८ तासांचा सराव एका बैठकीत करा. सहाव्या तासाला डोकं कसं चालतं, ते बसल्याशिवाय कळत नाही.

अर्ज, शिक्का आणि पुढे

परीक्षा झाली, अनुभव भरला, मग राज्याचा अर्ज. कुठे कायदा-नियमांची छोटी ऑनलाइन परीक्षा असते, कुठे बोटांचे ठसे. रेफरन्स देणाऱ्यांना आधी फोन करून सांगा की ईमेल येईल, स्पॅममध्येही बघा. अर्ज थांबतात ते बहुतेक इथेच. दुसऱ्या राज्याचं लायसन्स याच रेकॉर्डवर, पहिल्याच्या मानाने फार लवकर होतं.

शिक्का करून घेताना त्याचा आकार, मजकूर आणि डिजिटल सहीचे नियम तुमच्या बोर्डाच्या नियमावलीतूनच घ्या. आणि जे काम तुमच्या देखरेखीखाली झालेलं नाही त्यावर तो मारू नका, मग विचारणारा मित्र असो की मालक. "फक्त सही हवी आहे, डिझाइन तयार आहे" असा फोन लायसन्स मिळाल्यावर लवकरच येतो. मला पहिल्याच वर्षी आला. कॅल्क्युलेशन पाठवा, मी सुरुवातीपासून तपासून मग बघू, असं सांगितल्यावर तो पुन्हा आला नाही.

नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये घाला. टेक्सासमध्ये दर वर्षी १५ तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यात १ तास इथिक्सचा. बऱ्याच राज्यांत दोन वर्षांत ३० तास असतात, कॅलिफोर्नियात सक्ती नाही. दोन-तीन राज्यांची लायसन्सं असली की तारखा आणि तास वेगवेगळे होतात, म्हणून प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र त्याच दिवशी रेकॉर्डच्या फोल्डरमध्ये टाका. पत्ता बदलला तर बोर्डाला कळवा, कारण नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर गेली आणि मुदत टळली, तर मधल्या काळात मारलेला प्रत्येक शिक्का बिनलायसन्सचा ठरतो.